गाजलेल्या पुस्तकाबद्दल स्वतःचं मत कसं बनवायचं?

पानवेडी:
सध्या एक फॅन्टसी मालिका जाम गाजतेय, नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिच्यावरच घसरेल. पहिला भाग निम्मा झालाय. प्रॉब्लेम असा की वाचताना गोष्टीपेक्षा तिचे फॅन्सच डोक्यात जास्त असतात. जरा रटाळ पान आलं की मनात येतं, हीच का ती शतकातली सर्वोत्तम कादंबरी, आणि एखादा प्रसंग खरंच आवडला तरी कबूल करायला जीवावर येतं. कुठे तक्रार केली तर "तुला कळलंच नाही", "तिसऱ्या भागापर्यंत थांब", एकाने तर सरळ माझी लायकी काढली. आता मला नक्की पुस्तक आवडत नाहीये की ही माणसं, तेच कळेनासं झालंय. तुम्ही हे वेगळं कसं काढता?

निळी_शाई:
नावाचा आणि गाजावाजाचा किती परिणाम होतो ते हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंच्या बाबतीत स्पष्ट दिसलं होतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांचं 'द कुकूज कॉलिंग' रॉबर्ट गॅलब्रेथ या टोपणनावाने आलं, समीक्षा बऱ्या आल्या, छापील खप मात्र जेमतेम दीड हजार प्रतींच्या आसपास. जुलैमध्ये खरं नाव फुटलं आणि तेच पुस्तक थेट बेस्टसेलर यादीत. आतला मजकूर तोच होता. म्हणून मी गाजलेलं पुस्तक वाचताना थोड्या थोड्या पानांनी दोन ओळी लिहून ठेवते, कुठे कंटाळा आला, कुठे थांबवेना. आणि तक्रार असेल तर पान दाखवता आलं पाहिजे. "भाषा सपाट आहे" म्हणायचं तर सपाट परिच्छेद काढून दाखवायचा, नाही सापडला तर तो राग बहुतेक फॅन्सवरचा असतो.

अवधूत_वाचतो:
पान दाखवायचं पटलं, पण लोकप्रियता पूर्ण बाजूला ठेवायची हे मला पटत नाही. इतक्या लोकांना धरून ठेवलंय तर त्यात काहीतरी आहेच, ते काय आहे हे शोधणं पण वाचनाचाच भाग आहे ना. १८९३ मध्ये कॉनन डॉइलने कथेत आपल्या शेरलॉक होम्सला मारलं तेव्हा वाचक इतके भडकले की त्या कथा ज्यात यायच्या त्या 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणी कित्येकांनी बंद केली. स्वतः डॉइलला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या जास्त मोलाच्या वाटायच्या, होम्स त्यात अडथळा वाटायचा, पण शेवटी १९०३ मध्ये त्याला होम्सला जिवंत करावंच लागलं. त्या वाचकांचा हट्ट अतिरेकी होता हे खरं, पण त्या कथांमध्ये काय ताकद आहे ते त्यांनी लेखकाच्याही आधी ओळखलं होतं. अर्थात म्हणून प्रत्येक होम्सकथा उत्तम ठरत नाही, शेवटच्या काही मला तरी फारच पातळ वाटतात.
आणि पुस्तक जे करायला निघालंय त्यावरच त्याला जोखायचं. रहस्यकथा असेल तर धागेदोरे वाचकासमोर प्रामाणिकपणे ठेवलेत का, शेवट आधीपासून पेरलाय का की ऐनवेळी चिकटवलाय. तिच्याकडे काव्यात्म भाषा मागू नये. पण "टाइमपासच तर आहे, एवढं काय बघायचं" हेही नको, चांगला टाइमपास लिहायला प्रचंड कसब लागतं.

रातकिडा:
तिसऱ्या भागाचं तेवढं मनावर घेऊ नका. पहिला भाग वाचलाय तर पहिल्या भागावर बोलायचा पूर्ण हक्क आहे, फक्त "मी एवढंच वाचलंय" हे लिहा. मात्र नावं ठेवणाऱ्यांचीही झुंड असते बरं का. २०२३ मध्ये 'ईट, प्रे, लव्ह'वाल्या एलिझाबेथ गिल्बर्टची कादंबरी यायच्या कितीतरी महिने आधीच, युक्रेन युद्ध चालू असताना कथा रशियात घडते एवढ्यावरून लोकांनी ऑनलाइन एकेक स्टार देऊन ठेवले होते आणि शेवटी तिने प्रकाशनच पुढे ढकललं. पुस्तक न वाचता शिव्या घालणारा मला त्या कट्टर फॅनपेक्षा वेगळा वाटत नाही.

पानवेडी:
सगळ्यांचे आभार. @निळी_शाई, मागची पानं पुन्हा चाळली. भाषेबद्दलची तक्रार टिकत नाहीये, दाखवायला पान मिळालं नाही. पण नायिकेचा भाऊ मरतो आणि दोन प्रकरणांनी तिला त्याची आठवणही येत नाही, ही तक्रार ठाम आहे, पानांसकट लिहून ठेवलीये. आणि नदी ओलांडायचा अख्खा प्रसंग जबरदस्त आहे, तेही लिहिलंय. उरलेलं वाचून होईपर्यंत फॅन ग्रुप म्यूट.