मदत हवी आहे: ‘प्रकाशित लेखकांसाठी’ कथास्पर्धा आहे, स्वखर्चानं काढलेलं पुस्तक त्यात धरतील का?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो, नोकरी सांभाळून कथा लिहितो. एका संस्थेच्या कथास्पर्धेचं पत्रक व्हॉट्सअॅपवर आलंय. त्यात अट अशी की भाग घेणारा ‘प्रकाशित लेखक’ पाहिजे आणि पाठवायची कथा मात्र ‘पूर्णपणे अप्रकाशित’ पाहिजे. बक्षिसाचं सोडा, पण परीक्षक जाणते आहेत आणि निवडलेल्या कथांचं पुस्तक निघणार आहे, त्यामुळं मला मनापासून भाग घ्यायचाय. पण दोन्ही अटींवर गाडी अडलीय.

माझा एक कथासंग्रह २०१९ ला आलाय, तो इथल्याच एका प्रेसमधून स्वतःच्या पैशानं छापून घेतलेला, प्रकाशक म्हणून बायकोचं नाव, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नाही. बाकी दिवाळी अंकांत कथा येतात, काही अंक मानधन देतात, काही नुसता अंक पाठवतात. मग मी प्रकाशित लेखक की नाही? १९०९ ला ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथा या अंकांतच वाढलीय ना? आपल्या जिल्ह्यात कितीतरी चांगले कथाकार आहेत ज्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही पण दरवर्षी अंकात कथा असते आणि लोक ती शोधून वाचतात, त्यांना ‘अप्रकाशित’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

दुसरं म्हणजे पाठवायची कथा कुठं छापलेली नाही, पण आमच्या वाचक गटात वाचून दाखवलीय, गटाच्या व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आहे आणि सुरुवातीचा थोडा भाग फेसबुकवर टाकलेला. हे ‘प्रकाशित’ धरतात का?

आणि सगळ्यात जास्त काळजी ही की कथा बोलीत आहे, नुसते संवाद नाहीत तर निवेदनसुद्धा. पत्रकात ‘प्रमाणलेखनाचे नियम पाळावेत’ असं छापलंय. सांगणारा माणूस गुऱ्हाळावरचा गुळव्या आहे, काहिलीतला रस कधी उतरवायचा हे नुसतं बघून सांगणारा, तो ‘मी गेलो होतो’ म्हणंल का ‘गेलतो’ म्हणंल तुम्हीच सांगा. सगळं ‘शुद्ध’ करून पाठवलं तर नियम पाळला जाईल पण तो माणूस कथेतनं निघून जाईल, ते मला करायचं नाहीये. अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा, शेवटची तारीख जवळ आलीय.

प्रतिसाद १
दादा, ‘प्रकाशित’चा अर्थ प्रत्येक स्पर्धेत वेगळा असतो त्यामुळं इथं कुणी छातीठोक हो म्हणालं तरी त्यावर जाऊ नका. बाहेरचंच बघा, बीबीसीच्या नॅशनल शॉर्ट स्टोरी अवॉर्डला आधी साहित्य प्रकाशित झालेलंच लागतं (आणि ती ब्रिटनच्या नागरिकांना नाहीतर तिथं राहणाऱ्यांनाच आहे), तर कॉमनवेल्थच्या कथा पुरस्काराला आधी एक ओळ छापलेली नसली तरी चालतं, फक्त कथा अप्रकाशित पाहिजे. आयोजकांना मेल करा, फोनवर विचारू नका, फोनवर कुणीतरी ‘चालतंय की’ म्हणतं आणि छाननीला दुसराच माणूस बसतो. मेलमध्ये पुस्तक स्वखर्चानं काढलंय, आयएसबीएन नाही, दिवाळी अंकात कथा आहेत, सगळं स्पष्ट लिहा. सोबत प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि कथेचं पहिलं पान स्कॅन करून जोडा. तुमचं पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात नाहीतर दुसऱ्या वाचनालयात असेल तर दाखल क्रमांकाचा फोटो पण घ्या, पुस्तक खरंच वाचकांपर्यंत गेलंय हे त्यानं दिसतं. पीडीएफ आणि फेसबुकचं त्याच मेलमध्ये विचारून घ्या. पोस्ट आत्ता गुपचूप काढून टाकण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. गटात नुसती वाचून दाखवली त्याला सहसा कोण हरकत घेत नाही, पण सगळ्यांना दिसणारी फेसबुक पोस्ट बऱ्याच स्पर्धा प्रकाशित धरतात. आणि पुढच्या वेळी आयएसबीएन घ्याच, दिल्लीची राजा राममोहन राय एजन्सी देते, ऑनलाइन अर्ज असतो, पैसे लागत नाहीत, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी मिळतो.

प्रतिसाद २
पात्रतेचं होईल हो, पण पत्रकात हक्कांबद्दल काय लिहिलंय ते वाचलंत का? ‘कथेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असं वाक्य असेल तर अर्जावर सही करायच्या आधी थांबा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात. म्हणजे तुमची सही हीच मोठी गोष्ट आहे. ‘संग्रहात एकदा छापायला परवानगी, बाकी हक्क लेखकाकडे’ एवढं मागून घ्या. चांगली संस्था असेल तर देते. कथेवर उद्या एकांकिका झाली, कुणी सिनेमाला मागितली तर हक्क दुसऱ्याच्या कपाटात नकोत. लेखक म्हणून नाव लावायचा हक्क तर कलम ५७ नं हक्क विकल्यावरसुद्धा तुमचाच राहतो.

प्रतिसाद ३
बोलीला हात लावू नका! आपल्या कागलच्या आनंद यादवांना १९९० चं साहित्य अकादमी ज्या ‘झोंबी’साठी मिळालं त्यात बोली किती आहे बघा की. फक्त एक सांभाळा, बोलीचं लेखन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं पाहिजे. एका पानावर ‘न्हाई’ आणि दुसऱ्यावर ‘न्हाय’ झालं की परीक्षकाला ती चूक वाटते. कथेच्या वर एक ओळ टाका, ‘निवेदन बोलीत आहे, लेखन हेतुपुरस्सर’, पण त्याला परवानगी आहे का ते मेलमध्येच विचारा. दुसरं, डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप करून घेतली असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर एकदा स्वतः डोळ्याखालनं घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात आणि बोलीत ते स्पेलचेकला पण कळत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. मेल गेला, उत्तर पण आलं. दिवाळी अंकातल्या कथा धरतायत, स्वखर्चाचं पुस्तक धरत नाहीत, म्हणजे मी बसतो! फेसबुकच्या तुकड्याला हरकत नाही म्हणाले, पण पूर्ण कथा कुठं जाहीर नको, पीडीएफ खाजगी गटातली असल्यानं चालेल. बोलीची ओळ टाकायला हो म्हणालेत. हक्कांचं उत्तर अजून यायचंय, ते आल्याशिवाय सही करणार नाही. एकच विचारायचं राहिलं, कथेवर नाव नको म्हणतात आणि छापील प्रत ‘रजिस्टर्ड पोस्टानेच’ पाठवा म्हणतात, तर पोस्टात कसं करायचं?

प्रतिसाद २
रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालंय, पत्रक जुन्यावरनं उतरवलेलं दिसतंय. स्पीड पोस्टानं पाठवा, पावतीचा फोटो त्यांना मेल करा आणि तारीख पोचायची आहे का टाकायची ते विचारून घ्या. नाव नुसतं पानावरनं काढून भागत नाही, वर्डच्या फाइलमध्ये माहितीच्या जागी लेखक म्हणून कॉम्प्युटरवाल्याचं नाव बसलेलं असतं, ते पण पुसा. परिचय आणि अर्ज वेगळ्या पाकिटात. हक्कांचं उत्तर काय येतंय ते इथं नक्की टाका, मलापण त्याच स्पर्धेला पाठवायचंय.