मदत हवी आहे: गलबताच्या मॉडेलमध्ये फासळ्या नीट बसत नाहीत

नमस्कार मंडळी. 60 सेंमी लांबीचं गलबत करतोय. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी अनेक होड्या बांधत तशा, आधी फळ्या जोडल्या, फासळ्या नंतर. साच्यावरून काढल्यावर फळ्यांचं कवच दोन्ही बाजूंनी 3-4 मिमी फाकलं.

पुठ्ठ्याचे नमुने कापून 3 मिमी प्लायच्या फासळ्या केल्या. मधल्या छान बसल्या. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे मात्र फळ्या तिरक्या वळतात, तिथे फासळीची एकच कड टेकते. फट एपॉक्सीने भरायला मन धजत नाही, उघडं गलबत आहे, आतलं सगळं दिसणार.

तिथे कड तिरकी घासू, की सागाच्या पातळ पट्ट्या वाफवून जागेवरच वाकवू? आणि फाकलेल्या कडा आधी दोऱ्याने आवळून घेऊ का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.