मदत हवी आहे : वढवाण्याची पहाट आणि मेणचट दिसणारी पिसे

बडोद्याहून डभोईमार्गे वढवाणा तलावावर मी हिवाळ्यात पट्टकादंबांची (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांची) छायाचित्रे काढायला जातो. सूर्योदयाआधी बांधावर बीनबॅग टेकवून १५०-६०० ची लेन्स ६०० मिमी, एफ ६.३ (लेन्सचे छिद्र) आणि १/८०० सेकंदावर ठेवली, की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० च्या पुढे जातो; छायाचित्रे रॉमध्येच, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच घेतो. संगणकावर नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) काढताच मानेवरची बारीक पिसे मेणासारखी गुळगुळीत होतात, डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांच्या कडा विरघळतात आणि पांढरे डोके निळसर दिसते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) उबदार केला तर धुक्याचा करडा-निळा रंगच नाहीसा होतो, आणि मला तर तोच जपायचा आहे.

१/२०० सेकंदावर तरंगणारे पक्षी नीट येतात, पंख झटकणारे मात्र पुसट होतात. आयएसओ १६०० वर काढून उजेड नंतर वाढवला, तर सावल्यांत जांभळट छटा उतरली. नवी लेन्स शक्य नाही, फ्लॅश वापरायचा नाही आणि थवा बिचकेल इतके जवळ जाणे मला मान्य नाही.

अशा वेळी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) थोडा उजवीकडे, म्हणजे उजळ बाजूकडे ठेवून आयएसओ आणखी वाढवणे योग्य ठरेल का. आणि नॉइज फक्त पाण्यावरून काढायचा असेल, तर मास्कमुळे (चित्राचा ठरावीक भागच निवडणाऱ्या थरामुळे) पिसांच्या कडेने उमटणारी खरबरीत रेघ कशी टाळावी?