मदत हवी आहे: बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेचा कॅशलेस नाकारला, कारण म्हणे मधुमेह 'नियंत्रणात' आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या बहिणीच्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिच्या आरोग्य विमा कंपनीकडे केलेली कॅशलेसची विनंती मागच्या आठवड्यात नाकारण्यात आली. पुढे कोणत्या मार्गाने जावे याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून सर्व तपशील लिहितो. लांबणीबद्दल क्षमस्व.

ताईचे वय ४६, उंची १६४ सेंटिमीटर. सर्जनांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा वजन १०१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३७.६ होता. मधुमेह बारा वर्षांपासून आहे, त्यासाठी दोन प्रकारच्या गोळ्या आणि रात्रीचे इन्सुलिन चालू आहे. झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही (स्लीप ॲप्निया) आहे. मधुमेहाची माहिती पॉलिसी घेतानाच दिली होती आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी दोन महिन्यांपूर्वी संपला आहे. त्या मुद्द्यावर कंपनीची तक्रार नाही.

पॉलिसीतले लठ्ठपणाचे कलम मी नीट वाचले. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेलीच ही भाषा आहे असे समजते. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय प्रघातानुसार झालेली असावी, रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असावा, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा. अथवा तो किमान ३५ असून, वजन कमी करण्याचे साधे उपाय फसल्यानंतर, लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह यांपैकी एखादा आजार असावा. ताई यातल्या दुसऱ्या गटात बसते, असे सर्जनांचे आणि आमचेही मत होते.

टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेने) तीन हरकती काढल्या आहेत. पहिली, साधे उपाय फसल्याचा पुरावा जोडलेला नाही. दुसरी, स्लीप स्टडीत एएचआय (झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडखळतो तो आकडा) २४ आला आहे, म्हणजे आजार मध्यम आहे. तीव्र म्हणण्यासाठी तो ३० किंवा अधिक हवा. तिसरी हरकत सर्वांत चमत्कारिक आहे: ताजा एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.२ आहे, म्हणून मधुमेह 'अनियंत्रित' म्हणता येत नाही.

हा ७.२ कसा आला ते सांगतो. गेल्या दोन वर्षांतले तिचे आकडे ९.१, ९.६ आणि ८.८ असे आहेत. शस्त्रक्रिया ठरल्यावर, साखर खाली आल्याशिवाय भूल देणे आणि जखम भरणे दोन्ही जोखमीचे ठरेल असे सांगून डॉक्टरांनीच इन्सुलिन वाढवले आणि कडक आहार लावला. ताईने तीन महिने तो काटेकोरपणे पाळला. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेसाठी साखर आटोक्यात आणली, तीच शस्त्रक्रिया साखर आटोक्यात आली म्हणून नाकारली गेली. एका परिचितांनी महिनाभर औषधे बंद करून पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला दिला. तो मार्ग आम्हांला अजिबात नको आहे, त्यामुळे कृपया तसे कोणी सुचवू नये.

वजनाचेही तसेच होऊ लागले आहे. ते आता ९६ किलो आहे, म्हणजे बीएमआय ३५.७. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे अत्यल्प उष्मांकाचा द्रव आहार घ्यायचा आहे. त्यात वजन ९४ किलोवर आले की बीएमआय ३४.९५ होईल आणि आम्ही कलमाच्या बाहेर पडू, अशी धास्ती वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. 'अनियंत्रित' हे कोणत्या तारखेच्या आकड्यावरून ठरते? साधे उपाय फसल्याचा पुरावा म्हणून कोणते कागद मान्य होतात? बीएमआय सल्ल्याच्या दिवशीचा धरतात की दाखल होण्याच्या दिवशीचा? आणि कॅशलेस नाकारल्यावर स्वखर्चाने शस्त्रक्रिया करून नंतर परताव्याचा क्लेम करणे शहाणपणाचे ठरेल का?

---

प्रतिसाद १

मी काही वर्षे एका रुग्णालयाच्या विमा विभागात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

तिसऱ्या हरकतीपासून सुरुवात करा, कारण चारांपैकी एक आजार सिद्ध झाला तरी पुरते. स्लीप ॲप्नियावर शक्ती घालवू नका. २४ हा आकडा तुमच्या बाजूने बोलणार नाही. नियामकाच्या मूळ भाषेत 'अनियंत्रित' म्हणजे एचबीए१सी किती, याचा आकडा दिलेलाच नाही. तुमच्या पॉलिसीच्या व्याख्यांच्या भागातही तो नसेल, तर संदिग्ध शब्दाचा अर्थ विमेदाराच्या बाजूने लावावा हे आपल्या न्यायालयांनी मानलेले तत्त्व आहे. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचीच सरासरी दाखवते, बारा वर्षांचा आजार दाखवत नाही. मधुमेहतज्ज्ञांकडून एक पत्र घ्या आणि त्यात जुने तिन्ही आकडे, औषधांचे वाढत गेलेले डोस, आणि ७.२ हा शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी तात्पुरता आणलेला आकडा आहे, हे स्पष्ट शब्दांत असू द्या.

पहिल्या हरकतीसाठी आहारतज्ज्ञांच्या तारीखवार नोंदी, वजन नोंदलेली जुनी केसपेपरे, दिलेली औषधे, असे जे असेल ते क्रमाने लावा. व्यायामशाळेच्या पावत्या एकट्या फारशा कामाच्या नसतात, पण डॉक्टरांच्या नोंदींना जोड म्हणून चालतात.

बीएमआयबाबत, पहिल्या भेटीतली उंची आणि वजन सर्जनांच्या सही-शिक्क्यासह आजच मागून घ्या, आणि नंतरची घट पूर्वतयारीच्या आहारामुळे झाली हे दाखल होतानाच्या कागदांवर लिहून घ्या. उंची सगळीकडे एकच आहे ना, तेही तपासा. कोणी १६८ लिहिली तर १०१ किलोला बीएमआय ३५.८ वरच येतो, आणि मग खुलाशांत महिना जातो.

कॅशलेस नाकारणे म्हणजे क्लेम नाकारणे नव्हे, परतावा मागता येतो. तरीही कलमाचा वाद मिटायच्या आत पैसे भरू नका असे मी सांगेन. नव्या पत्रांसह फेरविचाराची विनंती करा आणि नकार आलाच तर तो पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लेखी मागा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. त्यानंतर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी आणि नियामकाचे 'बीमा भरोसा' हे तक्रार पोर्टल. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपाल: ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, शुल्क नाही, मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते.

जाता जाता: ४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेतल्या १९९१ च्या तज्ज्ञ समितीचे आहेत. २०२२ मध्ये बॅरिएट्रिक सर्जनांच्या दोन संघटनांनी, एक अमेरिकी आणि एक आंतरराष्ट्रीय, ३५ च्या पुढे सहव्याधी नसली तरी शस्त्रक्रिया सुचवावी असे म्हटले, आणि आशियाई लोकांसाठी उंबरठा आणखी खाली आणला. पॉलिसीचे कलम त्याने बदलत नाही, पण सर्जनांच्या पत्रात हा उल्लेख असावा.

---

धागाकर्ता

मनापासून आभार. पॉलिसीच्या व्याख्या आत्ताच पाहिल्या. 'अनियंत्रित' हा शब्द तिथे नाही. मधुमेहतज्ज्ञांची वेळ सोमवारची मिळाली आहे. एकच शंका: आहारतज्ज्ञांच्या नोंदी तीन वर्षांपूर्वीच्या असून मध्ये दीड वर्षाचा खंड आहे. तो तसाच दाखवावा, की त्या काळातल्या मधुमेहाच्या केसपेपरांवरच्या वजनांनी भरून काढावा?