मदत हवी आहे: पाण्याच्या तक्रारींचं रजिस्टर मिळालं, आता साहेबांपुढे काय ठेवू?

नमस्कार मंडळी,

ऐरोली-कळव्याच्या बाजूला राहते. कार्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही. कुणाला दोषी ठरवायचं नाही, पाणी नीट यायला हवंय.

माहिती अधिकारात अर्ज टाकून आमच्या विभागातल्या पाण्याच्या तक्रारींचं वर्षभराचं रजिस्टर मिळवलं. सगळी छापील पानं, म्हणून मी आणि शेजारच्या काकूंच्या लेकीने रात्री बसून एक्सेलमध्ये उतरवली. वरवर पाहता बहुतेक तक्रारी दोन दिवसांत ‘निकाली’. पण आमच्याच इमारतीच्या ओळी बघितल्या आणि थांबले. ‘कमी दाबाने पाणी’, निकाली. आठ दिवसांनी तोच मजकूर, नवा क्रमांक, पुन्हा निकाली. असं 5 वेळा. कागदावर 5 कामं झाली, आणि तळमजल्यावरच्या मावशी अजून पहाटे साडेपाचला उठून हंडे भरतायत. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पाणी आल्याची वेळ पेन्सिलीने लिहितात. ‘निकाली’च्या दुसऱ्याच दिवशी त्यात ‘दाब नाही’ असं तीनदा लिहिलंय.

डोंगराकडच्या वस्तीतून तर तक्रारी जवळपास नाहीतच, आणि पाण्याचे सगळ्यात जास्त हाल तिथेच. लोक अ‍ॅपच्या भानगडीत पडत नाहीत, थेट चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला गाठतात. तक्रारी मोजून कामं ठरवली तर नवी लाइन भलतीकडेच जाईल, याची मला फार धास्ती वाटते.

पुढच्या आठवड्यात उपअभियंत्यांनी वेळ दिली आहे. तक्रार निकाली निघायला लागलेल्या दिवसांची सरासरी दाखवू की मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा)? एकाच पत्त्यावरून किती दिवसांत पुन्हा तक्रार आली तर ती जुनीच धरायची? विभागांची क्रमवारी लावून द्यावी असं एकजण सुचवतोय. मला पटत नाही. नंबर घसरू नये म्हणून ‘निकाली’चे शिक्के आणखी भराभर बसतील.

प्रतिसाद

ताई, क्रमवारी नकोच. मध्यक घ्या, महिनोन्‌महिने रखडलेल्या चार तक्रारी सरासरी बिघडवतात. त्या रखडलेल्या मात्र वेगळ्या कागदावर पत्त्यासकट द्या. पुन्हा आलेल्या तक्रारींसाठी 15 दिवस आणि 30 दिवस, दोन्ही धरून बघा. तेच पत्ते वर आले तर वाद उरत नाही.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये सेवांचे मापदंड काढले आहेत, ते सोबत न्या. पाण्यासाठी माणशी रोज 135 लिटर, पुरवठा 24 तास, हिशेबाबाहेरचं (गळती, चोरी वगैरेत जाऊन ज्याचे पैसे मिळत नाहीत ते) पाणी जास्तीत जास्त 20 टक्के. तक्रार निवारण हा त्यातला फक्त एक मापदंड, तोही 80 टक्क्यांचा. म्हणजे नुसत्या ‘निकाली’वर बोलणं थांबायला नको. वस्तीसाठी व्हॉल्व्ह उघडल्या-बंद केल्याच्या वेळांची नोंद मागा. त्या नोंदीसाठी कुणी तक्रार केलेली असायची गरजच नाही. आणि पुढच्या वेळी अर्जातच सॉफ्ट कॉपी मागा. माहिती संगणकावर असेल तर तशी मागायचा हक्क कायद्यात आहे.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. आज वस्तीतल्या दोन घरी कॅलेंडर देऊन आले, पेन्सिल दोऱ्याने बांधून. एका वहिनींनी विचारलं, नळ सुरू झाल्याची वेळ लिहू की बादली भरायला लागलेली मिनिटं? दाबासाठी बादलीच बरी ना? सगळीकडे एकाच मापाची द्यावी लागेल. कुणी असं मोजलं असेल तर सांगा, उद्याच बादल्या आणते.