२५ मीटरच्या आणि ५० मीटरच्या तलावात मुलीचं टायमिंग जवळपास सारखंच येतंय, असं कसं?

वेंगुर्ल्याची_आई

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकली आणि मग समुद्रात, मालवणला चिवला बीचच्या स्पर्धेत दोनदा उतरलीय, लाटेला अजिबात घाबरत नाही. गेलं वर्षभर आठवड्यातून तीन दिवस एसटीने तासभर जाऊन आम्ही तलाव गाठतो, तो २५ मीटरचा. तिथे १०० मीटर फ्रीस्टाईलला ती १:१७.२ काढते. गेल्या महिन्यात एका निवड चाचणीला पहिल्यांदाच ५० मीटरच्या तलावात गेलो तर तिथे सगळ्यांसमोर तिला ऐकवलं की छोट्या तलावातलं टायमिंग म्हणजे खोटं टायमिंग, इथे बघ तीन सेकंद वाढतील. पोर रडवेली झाली, तरी तशीच उतरली आणि आलं १:१७.८. म्हणजे फरक अर्ध्या सेकंदाचा.

तेव्हापासून ती मोबाईलवर स्विमिंग वर्ल्ड कपच्या रेस बघत बसते, कारण त्या बहुतेक वर्षं २५ मीटरच्या तलावातच झाल्यात. काल तिनेच मला दाखवलं की काईल चाल्मर्सने २०२१ मध्ये कझानच्या वर्ल्ड कपला १०० फ्रीस्टाईल ४४.८४ मध्ये मारली, आणि पॅन झानलेचा पॅरिस ऑलिंपिकचा ५० मीटरच्या तलावातला विक्रम ४६.४०. म्हणजे त्या लोकांना छोट्या तलावात दीड सेकंद मिळतो आणि हिला अर्धाच. "आई, मला का नाही मिळत" असं विचारते आणि मला उत्तर देता येत नाही. आमच्या घड्याळात गडबड आहे, तलावात आहे, की तिच्या पोहण्यात?

खाडीकाठ

ताई, सगळ्यात आधी टेप घेऊन तलाव मोजा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. आम्ही लहानपणी ज्या तलावात शिकलो त्याला सगळे पंचवीसचा तलाव म्हणायचे आणि एकदा सुट्टीत आम्हा पोरांनी मोजला तर ९० फूट भरला, म्हणजे २७ मीटरच्या वर! चार लांब्या मारल्या की जवळजवळ दहा मीटर फुकट जास्तीचे. आपल्याकडचे जुने तलाव फुटांच्या हिशोबाने बांधलेले असू शकतात, त्यामुळे भिंतीवर काय रंगवलंय त्यावर जाऊ नका. बरोबर २५ मीटर म्हणजे ८२ फूट. तेवढं भरलं तर पुढचं बोलू.

बॅकस्ट्रोक_रत्नागिरी

टेप लावाच, पण मला वाटतं तलाव ठीक असणार आणि उत्तर भिंतीपाशी आहे.

छोट्या तलावात जो वेळ वाचतो तो सगळा टर्नमधून येतो. १०० मीटरला मोठ्या तलावात एक टर्न, छोट्यात तीन. १५०० ला तर २९ च्या जागी ५९! प्रत्येक टर्नला भिंतीला लाथ मारून जो वेग मिळतो तो हाताने पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, आणि पाण्याखाली अंग सरळ ठेवून डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून लाटेसारखी किक, मारली तर तो बराच वेळ टिकतो. नियम असा की फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्यावर आलं पाहिजे. आता हिशोब करा, २०० मीटरची रेस छोट्या तलावात म्हणजे आठ लांब्या, आठ गुणिले पंधरा, १२० मीटर पाण्याखाली काढता येतात, आणि मोठ्या तलावात चार लांब्या म्हणून फक्त ६०. लिऑन मार्शां २०२४ च्या वर्ल्ड कपला सिंगापूरमध्ये २०० मीटर मेडले (चारही प्रकार एकाच रेसमध्ये) १:४८.८८ मध्ये पोहला, आणि त्याच सिंगापूरमध्ये २०२५ च्या जागतिक स्पर्धेत मोठ्या तलावात त्याने १:५२.६९ चा विश्वविक्रम केला. माणूस तोच, शहर तेच, आणि फरक जवळपास चार सेकंदांचा. तो पूर्ण फरक भिंतींचा आहे.

मुलींचं बघायचं तर केट डग्लसने २०२५ मध्ये टोरोंटोच्या वर्ल्ड कपला १०० फ्री ४९.९३ मध्ये काढली, ५० सेकंदांच्या आत जाणारी ती पहिली बाई, आणि मोठ्या तलावातला विक्रम सारा शोस्ट्रमचा ५१.७१. म्हणजे साधारण साडेतीन टक्क्यांचा फरक. तुमच्या मुलीच्या ७७ सेकंदांना तोच हिशोब लावला तर अडीच सेकंदांच्या वर मिळायला हवेत. तिला ०.६ मिळतोय. ताई, याचा अर्थ तिचं छोट्या तलावातलं टायमिंग खोटं नाहीच, उलट ते असायला हवं त्यापेक्षा दोन सेकंद हळू आहे. ज्यांनी तिला सगळ्यांदेखत बोलून दाखवलं त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायला हवे होते. माझी खात्री आहे की ती मधल्या पाण्यात चांगली दमदार पोहते आणि भिंतीपाशी सगळं घालवते. टर्न कसा घेते ती? हात लावून वळते की कोलांटी?

वेंगुर्ल्याची_आई

हात लावून वळायची, आता दोन महिने कोलांटी शिकतेय पण रेसमध्ये विसरते.

तळाशील_तांडेल

माका ह्या वाचून आमच्या घरातला आठावला. माझो झील पण दर्यात शिकलेलो, थय भिंत खंय असता? किनाऱ्यावरसून सुटला की बोयेक वळसो घालून परत, लाथ मारूक काय नाय. तेव्हा पोराचो टर्न कच्चो र्‍हवतलोच, तेची चूक नाय ती.

अजून एक सांगतो, जरा शुद्ध लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे अंग वर तरंगतं, पाय आपोआप वर राहतात. समुद्रात शिकलेली पोरं म्हणून पाय कमी मारतात, गरजच पडत नाही. तलावात आली की कंबर आणि पाय खाली जातात आणि मग पाण्याखालच्या किकला जोर लागत नाही. शिवाय बोया शोधायला डोकं वर काढून बघायची सवय असते, तीच सवय भिंत जवळ आली की लागते, म्हणजे ऐन वळायच्या वेळी वेग मेला. तिचा व्हिडिओ काढा आणि बघा, भिंतीच्या आधी डोकं वर येतंय का.

कुलाबा_किल्ला

माझं मत थोडं वेगळं. हे सगळं बरोबर असेल पण शेवटी राष्ट्रीय स्पर्धा ५० मीटरमध्ये होतात, ऑलिंपिकची पात्रता वेळ ५० मीटरमध्येच धरतात. २०२३ मध्ये पॅरिस ऑलिंपिक समोर होतं म्हणून बर्लिन, अथेन्स, बुडापेस्टचा वर्ल्ड कपसुद्धा ५० मीटरवर घेतला होता. मग छोट्या तलावात टर्न घोटवून काय मिळणार, सुट्टीत मुंबई-पुण्याला नेऊन मोठ्या तलावात सराव करून घ्या.

बॅकस्ट्रोक_रत्नागिरी

दादा, पात्रतेचं बरोबर आहे, पण मुंबईला न्यायचं हे बोलायला सोपं आहे, वेंगुर्ल्याहून रात्रभराचा प्रवास, राहायचं कुठे, शाळेचं काय. आणि मोठ्या तलावातही स्टार्ट आणि टर्न असतातच की. वर्ल्ड कप १९८८ पासून चालू आहे आणि बहुतेक वर्षं तो २५ मीटरमध्येच झालाय. कातिन्का होस्सूने २०१२ ते २०१६ अशी सलग पाच वर्षं तो जिंकला आणि त्याच २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला ५० मीटरच्या तलावात तीन सुवर्णपदकं घेतली. एकेका दिवसात किती रेस पोहायची ती! छोट्या तलावात इतकं पोहून तिचं मोठ्या तलावात काही बिघडलं नाही. हवं तर तिथली बक्षिसं बघा, २०२४ ला वर्ल्ड कपच्या तिन्ही ठिकाणी एकच शर्यत जिंकली तर १०,००० डॉलर वेगळे आणि विश्वविक्रमाला अजून १०,०००, म्हणजे मोठमोठे पोहणारे तिथे उगाच जात नाहीत.

ताई, सरावाला एकच गोष्ट करा. बॅकस्ट्रोकसाठी जे झेंडे लावलेले असतात ते भिंतीपासून ५ मीटरवर असतात. लाथ मारल्यावर तिचं डोकं झेंड्याच्या अलीकडे वर येतं की पलीकडे, एवढंच मोजा. १५ मीटरचं स्वप्न आत्ता नको, पहिलं झेंड्याच्या पलीकडे. हात एकावर एक, कान दंडांच्या मधे दाबलेले, आणि चार किक झाल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही. दमेल सुरुवातीला, नाकात पाणी जाईल, पण विहिरीत शिकलेली आहे ना, टिकेल. फक्त पाण्याखालचा सराव कुणीतरी काठावर उभं असल्याशिवाय करू देऊ नका आणि श्वास कोंडायच्या पैजा तर अजिबात लावू देऊ नका, त्यात मुलं बेशुद्ध पडतात.

वेंगुर्ल्याची_आई

सगळ्यांचे खूप आभार, आज जाऊन आलो. टेप लावली, दोन्ही टोकांना तिथल्या मुलांनी धरली, ८२ फूट भरला, म्हणजे तलाव बरोबर. मग व्हिडिओ काढला आणि तांडेलदादा, तुम्ही म्हणालात तेच, भिंत दोन-तीन हात राहिली की डोकं वर, समोर बघते आणि मग वळते. आणि झेंडा तर लांबच राहिला, लाथ मारून तिचं डोकं तीन मीटरच्या आसपासच वर येतंय, तिन्ही टर्नला. मी तिला व्हिडिओ दाखवला तर काही बोलली नाही, परत पाण्यात उतरली आणि रेस वगैरे काही नाही, नुसत्या भिंतीला लाथा मारत बसली, वीस-पंचवीस वेळा तरी. शेवटच्या दोन-तीन वेळा झेंड्याखाली आली. मी काठावरच उभी होते. एसटीत झोपली नाही, मार्शांचा व्हिडिओ लावून तो किती किक मारतो ते बोटांवर मोजत होती.

शनिवारी परत जाणार आहोत, तेव्हा १०० मीटरचं टायमिंग घेऊन इथेच टाकते.