वाट्या-गोळ्यांचा सराव: आरसा की मोबाइल?

नवशिका: वाट्या-गोळ्यांची जादू शिकतोय. तीन वाट्या, दिसणाऱ्या तीन गोळ्या आणि एक चोरगोळी, म्हणजे प्रेक्षकांपासून लपवलेली जादा गोळी. ती वाटीखाली सरकवताना हमखास दिसते. जुन्या पद्धतीने आरशासमोर सराव करू की मोबाइलवर चित्रण?

पेटीवाला: आधी वाट्या कुठल्या ते बघा. मदाऱ्याच्या वाट्या उथळ असतात, पालथ्या वाटीवर बोंडी (धरायचं छोटं गोल टोक) असते. जमिनीवर बसून बोंडी बोटांत धरायची, वाटी कलती करायची आणि टेकवता टेकवता बोटांतली गोळी आत सोडायची. विलायती वाट्या उंच, एकात एक बसणाऱ्या. खेळ टेबलामागे उभ्याने, आणि चोरगोळी दोन वाट्यांच्या फटीतही लपते. विलायती व्हिडिओ बघून बोंडीच्या वाट्या हाताळल्या तर गडबड होणारच.

रिकामा_हात: आरशाची खोड अशी की नेमक्या क्षणी आपलीच पापणी मिटते आणि चूक दिसतच नाही. हालचाल बसेपर्यंत आरसा ठीक. मग मोबाइल प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. समोरून, डावीकडून, उजवीकडून. चित्रण आवाज बंद करून बघा, बडबडीने झाकलेली चूक उघडी पडते. बहुतेकदा दोष नजरेचा असतो: डोळे चोरगोळीच्या हाताकडे वळतात. ते, गोळी आहे असं भासवलेल्या रिकाम्या मुठीकडेच हवेत.

पेटीवाला: आणि गोळी कापडी घ्या. टणक गोळी पितळी वाटीत वाजते. (हे कॅमेऱ्यात कळेल, पण आवाज चालू ठेवलात तरच!)